आवाज पोचेल एवढं घर

चढ छातीवर येणारा आहे. गडहिंग्लजच्या काळभैरीचा डोंगर तुम्ही लहानपणापासून चढत आला आहात, तेव्हा पायांची काळजी नाही. वारा मात्र ओळखीचा नाही. तो ओला आहे आणि सारखा एकाच अंगानं ढकलतो आहे. साल 1764. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, कॅल्डर नदीच्या खोऱ्यातून तुम्ही हेप्टनस्टॉल नावाच्या गावाकडे निघाला आहात. समोरून लोकरीच्या कापडाचे गठ्ठे लादलेली घोडी उतरतात, तेव्हा वाट सोडून कडेला उभं राहावं लागतं. वाट एवढी अरुंद आहे.

गडहिंग्लजकरांना मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचा जवळचा मोठा मुक्काम म्हणजे बेळगाव. तिथं आपण जाणारच आहोत, 1904 साली. पण मेथॉडिस्टांची प्रार्थनाघरं अशी साधी, अशी रुंद, अशी खिडक्यांनी भरलेली का असतात, हे कळायचं तर आधी या डोंगरावर यायला हवं. इथं एक घर बांधलं जातं आहे. त्याचा आराखडा कानानं काढलेला आहे.

गावात शिरा. घरं काळसर दगडाची आहेत. आपला काळा पाषाण नव्हे. हा खरखरीत वालुकाश्म आहे, बोट फिरवलं तर कण लागतात. घरांच्या वरच्या मजल्यावर खिडक्यांची सलग रांग दिसते, कारण वर हातमाग आहेत आणि मागाला उजेड लागतो. ठक-ठक आवाज सगळ्या गल्लीत भरलेला आहे. हे विणकरांचं गाव. बाई सूत कातते, पुरुष विणतो, मूल लोकर पिंजून देतं. गावात जुनं चर्च आहे, सेंट थॉमस बेकेटचं, तेराव्या शतकात उभारलेलं. ते काही मेथॉडिस्टांचं नाही, ते राजमान्य चर्च ऑफ इंग्लंडचं. तुम्ही आत डोकावलात तर खांबांची गर्दी दिसेल. वेदी दूर, पूर्वेच्या टोकाला. मागं बसणाऱ्याला पुढचं निम्मं ऐकू येत नाही. तिथं पाहणं आणि गुडघे टेकणं महत्त्वाचं, ऐकणं त्यानंतरचं.

आता त्याच गावातली दुसरी जागा बघा. उतारावर आठ भिंती उभ्या राहिल्या आहेत.

पहिल्यांदा तुम्ही तिला प्रदक्षिणा घाला. एक भिंत संपते, वळता, दुसरी लागते, पुन्हा वळता. कुठंही काटकोन नाही. प्रत्येक कोपरा एकशे पस्तीस अंशांत उघडलेला. आठव्या वळणावर तुम्ही निघालात तिथंच येता. पुढची बाजू कोणती, मागची कोणती, हे चटकन सांगता येत नाही. घडीव दगडांच्या फटींत चुना अजून ओला आहे. खिडक्यांच्या जागा मोठ्या सोडल्या आहेत, या थंड मुलखात आश्चर्य वाटावं एवढ्या मोठ्या.

आत जा. गिलावा नाही, बाक नाहीत, जमीन दाबलेली नाही. तरीही आत माणसं उभी आहेत, कारण बुटका, नीटनेटका, एकसष्ट वर्षांचा एक माणूस बोलतो आहे. जॉन वेस्ली, मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक. बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, या नुसत्या कवचात, 1764 साली त्यांनी इथं प्रवचन दिलं. आधीही ते या गावात आलेले आहेत, 1747 पासून. जवळच्या हॅवर्थ गावचे पाद्री विल्यम ग्रिमशॉ या वाड्यावस्त्यांतून फिरून सांगायचे. ते गेल्याच वर्षी वारले. लोक तेव्हापासून घरांतून जमत आले आहेत, मागाच्या खोलीत, माग बाजूला सरकवून. आता घर पुरत नाही.

तुम्ही मुद्दाम मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा. वेस्ली ओरडत नाहीत. तरी शब्द येतात. आठ बाजूंच्या खोलीत सर्वांत दूरचा माणूसही फार दूर नसतो. तेवढीच माणसं लांबट खोलीत कोंबली असती तर शेवटची रांग दुप्पट अंतरावर गेली असती. खोल कोपरे नसल्यामुळं आवाज कुठं जाऊन पडून राहत नाही, भिंतीवर टेकून लवकर परत येतो. तुम्ही देवळाच्या मंडपात कीर्तन ऐकलं असेल तर हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. बुवा मध्ये उभे, लोक तिन्ही अंगांनी, चेहरे दिसतात, टाळ्या एकदम पडतात. वेस्लींना तेच हवं होतं. 1757 साली नॉर्विच शहरात त्यांनी दुसऱ्या पंथाचं एक अष्टकोनी प्रार्थनाघर पाहिलं, टॉमस आयव्हरी या वास्तुकारानं बांधलेलं, आणि तो आकार त्यांच्या मनात बसला. 1761 मध्ये रॉदरहॅमला, मग यार्मला, मग इथं. पुढच्या काही वर्षांत मेथॉडिस्टांची चौदा अष्टकोनी घरं उभी राहिली.

छपराची गोष्ट वेगळी ऐकण्यासारखी आहे. चौकोनी घराचं छप्पर कुठल्याही गावचा सुतार उभं करील: दोन पाखं, मध्ये आढं. अष्टकोनाला आठ पाखं लागतात, आणि आठही एका टोकाला नेऊन बांधावी लागतात. एक वासा बोटभर चुकला तर सगळी कैची फिरते. हेप्टनस्टॉलच्या सुतारांनी असं छप्पर कधी केलेलं नव्हतं. रॉदरहॅमच्या सुतारांनी केलं होतं, तीनच वर्षांपूर्वी. मग छप्पर तिकडंच घडवायचं ठरलं. तिथं जोडून पाहिलं, सुटं केलं आणि डोंगरवाटांनी इकडं आणलं. सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर अंतर. गडहिंग्लजहून कोल्हापूर जेवढं दूर, तेवढं. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही.

तुम्ही गावाच्या कडेला उभे आहात. माणसं वाटेकडं डोळे लावून बसली आहेत. माग बंद आहेत, हे तुमच्या आधी कानांना कळतं. मग उतारावर वासे दिसायला लागतात, लांब, खुणा केलेले, आणि गाव पुढं धावतं. छपराला सामोरं जाताना लोक गात होते, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुम्हीही एका वाशाला हात घाला. लाकूड जड आहे. शेजारचा विणकर तुम्हाला काही विचारत नाही, खांदा थोडा पुढं करून जागा देतो.

आता सहा वर्षं पुढं या, 1770 मध्ये. घर पुरं झालेलं आहे, वापरात आहे. लंडनमधून मेथॉडिस्टांच्या नियमांचं पुस्तक आलं आहे आणि त्यात बांधकामाबद्दल थेट सूचना आहेत. ही नियमावली मला त्या चळवळीच्या साऱ्या लिखाणातली सर्वांत धीट गोष्ट वाटते, तेव्हा तिच्यापाशी जरा थांबू. एकेक कलम हातात घेऊन खोलीशी ताडून बघा.

जागा परवानगी देईल तिथं घर अष्टकोनी बांधा, कारण आवाजाला ते सर्वांत चांगलं. छपराची उंची रुंदीच्या एक तृतीयांश, त्याहून जास्त नको. वर बघा: तेवढीच आहे. याचा उतार हिशेबानं तिसाच्या थोडा वर, चौतिसाव्या अंशाच्या आसपास पडतो. पाऊस उतरायला पुरेसा, आणि छतात आवाज हरवून जाईल एवढी पोकळी उरत नाही. दारं-खिडक्या भरपूर ठेवा, आणि खिडक्यांच्या झडपा वरून खाली सरकणाऱ्या असू द्या. तुम्ही एक झडप खाली ओढून बघा. फट वरच्या बाजूला पडते. शे-दोनशे माणसांच्या श्वासाची गरम हवा तिथून निघून जाते आणि खाली बसलेल्यांच्या मानेवर गार झोत येत नाही. त्या काळी इंग्लंडात श्रीमंतांच्या बागांत चिनी नक्षीच्या कठड्यांची हौस होती. ते कठडे इथं नकोत. पिंपासारखं उंच, एका माणसापुरतं व्यासपीठ नको. भिंतीतून चौकोनी सज्जा पुढं काढा आणि मागं लांब बाक ठेवा. म्हणजे बोलणारा एकटा राजा होऊन उभा राहणार नाही, त्याच्या पाठीशी दुसरेही बसलेले असतील.

पुढचं कलम बाकांचं. तुम्ही दमलेले आहात, बसा. पाठ टेकायला गेलात तर टेका नाही. नियमच आहे: बाकांना पाठी नकोत, आणि मुख्य म्हणजे दारं लावलेली खासगी आसनं नकोत. राजमान्य चर्चमध्ये तेव्हा श्रीमंत घराण्यांची आसनं ठरलेली असत, लाकडी भिंतींनी वेढलेली, भाड्यानं घेतलेली, कुलूप लावलेली. गरीब मागं उभा. इथं तसं काही नाही. गिरणीमालकाला आणि पिंजाऱ्याला एकच बिनपाठीचा बाक.

मधोमध मात्र एक कठडा आहे. एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया, तोही नियमातलाच. गडहिंग्लजच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडं कुठल्याही सप्ताहाच्या मांडवात हेच दिसतं. पण बाहेर विणताना-कातताना ही माणसं एकाच खोलीत बसतात आणि इथं येऊन वेगळी होतात, हे लक्षात ठेवा. हा कठडा आपल्याला पुढं पुन्हा लागणार आहे.

आणि सगळ्यांच्या आधीचं, पहिलं कलम. घर साधं आणि नीटस असावं, पण टाळता येणार नाही तेवढाच खर्च करावा. कारण दिलं आहे, आणि ते कारण वाचताना आजही अंगावर काटा येतो. फार पैसा लागला, तर श्रीमंत माणसं आपल्याला आवश्यक होतील. ती आवश्यक झाली की आपण त्यांच्यावर अवलंबून राहू. मग तीच आपल्यावर राज्य करतील, आणि आपली शिस्त गेली, कदाचित शिकवणही गेली. एवढं स्पष्ट. वास्तूबद्दलचा हा एवढा राजकीय विचार मी दुसऱ्या कुठल्या धर्मपंथाच्या बांधकाम-नियमांत वाचलेला नाही. आपल्याकडं गावोगाव जी जीर्णोद्धारांची यादी लागते, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या चढतात, त्या पाट्यांखाली उभं राहून हे कलम आठवावं.

घंटा नाही, मनोरा नाही. गाणं मात्र आहे. पुस्तकं सगळ्यांकडं नाहीत, अक्षरं सगळ्यांना येत नाहीत, म्हणून पुढचा माणूस दोन ओळी म्हणतो आणि सगळी खोली त्या उचलते. पुन्हा दोन ओळी, पुन्हा उचल. वेस्लींनी गाण्याबद्दलही लिहून ठेवलं आहे: सगळ्यांनी गा, मोकळ्या गळ्यानं गा, पण शेजाऱ्याच्या वर आवाज चढवू नका. तुम्हाला शब्द येत नाहीत. तरी तिसऱ्या कडव्याला तुमचा गळा लागतो, कारण या खोलीत न गाता बसणं अवघड आहे. आवाज आठ बाजूंनी येऊन तुमच्यावर पडतो.

1802 साल. वेस्लींना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. तेच घर, पण आज आत धूळ आहे आणि गवंडी आहेत. माणसं मावेनात, तेव्हा एका टोकाच्या भिंती उतरवून बाजूच्या भिंती पुढं वाढवल्या जात आहेत. म्हणजे अष्टकोन लांबट होणार. तुम्ही पुन्हा मागच्या भिंतीपाशी उभे राहून ऐका. फरक पडला आहे. बोलणाऱ्याला आता जरा जोर लावावा लागतो. मेथॉडिस्टांनी अष्टकोन हळूहळू सोडून दिला. छप्पर महाग, वाढवायला अवघड, आणि गर्दी तर वाढतच होती. 1778 मध्ये लंडनला सिटी रोडवर वेस्लींनी स्वतःच जे मोठं घर उभारलं ते आयताकृती होतं. पण आयतातही सवयी अष्टकोनाच्याच राहिल्या: रुंदी जास्त, लांबी बेताची, खांब कमी, खिडक्या मोठ्या, वेदीपेक्षा प्रवचनाची जागा ठळक. हेप्टनस्टॉलचं घर अजून उभं आहे, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना झाली. मेथॉडिस्टांची एवढा काळ वापरात राहिलेली घरं जगात फार थोडी.

आता मोठी उडी. नोव्हेंबर 1871, मुंबई.

हवा दमट आहे, गॅसचे दिवे लागले आहेत. तुम्ही चर्च शोधता आहात आणि ते सापडत नाही, कारण अजून बांधलेलंच नाही. विल्यम टेलर नावाचा उंच, दाढीवाला अमेरिकन मेथॉडिस्ट प्रवचनकार या शहरात आला आहे. त्याला बोलावणाऱ्यांत जॉर्ज बोवेन आहेत. 1848 पासून मुंबईत राहिलेले, मिशनचा पगार नाकारून गरिबीत राहणारे, ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र चालवणारे. शहर त्यांना फकिरासारखा मान देतं. टेलरच्या सभा लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत भरतात. तुम्ही एका घरात शिरता. खुर्च्या कमी, माणसं जास्त. कारकून, रेल्वेचे कर्मचारी, अँग्लो-इंडियन कुटुंबं, एखाददुसरा मराठी माणूस. शंभर वर्षांपूर्वीची हेप्टनस्टॉलची मागाची खोली आठवते. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1872 मध्ये, या लोकांच्या विनंतीवरून मेथॉडिस्ट मंडळी रीतसर स्थापन होते. टेलरचा हट्ट असा की अमेरिकेतून पैसा मागायचा नाही, इथल्या लोकांनी इथल्या कमाईवर चालवायचं. वेस्लींचं ते पहिलं कलम समुद्र ओलांडून आलेलं दिसतं. मुंबईहून हे लोण रेल्वेच्या रुळांबरोबर घाटावर चढलं. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फिटर जिथं बदलून गेले तिथं त्यांच्या घरांत प्रार्थना गेली, आणि घर पुरेनासं झालं की मग दगड-चुन्याचा विचार.

1904. आता घराजवळ.

गडहिंग्लज अजून कोल्हापूर संस्थानात आहे. तुम्ही बैलगाडीनं संकेश्वर गाठता, तिथं पुणे-बंगळूर सडकेला लागता आणि दक्षिणेला वळता. शेजारी बसलेला माणूस निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो आणि तुम्ही दोन्हीला उत्तर देता; या पट्ट्यात दुसरं काय होणार. बेळगावात इंग्रजांची छावणी आहे, 1818 मध्ये किल्ला घेतल्यापासून. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1820 मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं आले. मागून विल्यम बेनन आले, 1832 मध्ये शाळा निघाली. बेनन-स्मिथ हायस्कूल हे नाव आजही बेळगावच्या पोरांच्या तोंडी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांनी लंडनची ही संस्था इथून निघते आहे आणि सगळं काम अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हवाली करते आहे. मंडळी तीच, बाक तेच, सतरंज्या त्याच, छत्र बदललं.

या मुलखातली मिशनची घरं कशी असतात ते आता जाणत्या नजरेनं बघा. जाड भिंती, चुन्याचा गिलावा. उतरतं छप्पर, वर मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी 1865 पासून मंगळूरला कारखान्यात पाडायला सुरुवात केली आणि कोकण-कर्नाटकापासून आपल्या पन्हाळपट्टीपर्यंत सगळी छपरं लाल केली. या कौलालाही उतार तिसाच्या आसपास लागतो. कमी केला तर वळवाच्या वाऱ्यात पाणी उलटं चढतं. यॉर्कशायरच्या त्या एक तृतीयांशाच्या नियमाशी आपल्या पावसाचा हिशेब असा जुळून जातो. वरून खाली सरकणाऱ्या झडपांऐवजी इथं पट्ट्यांची लाकडी दारं: ऊन अडतं, वारा येतो. बाहेर खोल ओसरी, म्हणजे उशिरा आलेला माणूसही आतलं ऐकत उभा राहू शकतो. चपला ओसरीवर निघतात. कुठलाही मेथॉडिस्ट नियम हे सांगत नाही. ही आपल्या उंबऱ्याची रीत, आणि चर्चनं ती मुकाट्यानं घेतली. आत स्त्रिया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कठडा नसतानाही. खेड्यांतल्या मराठी मंडळ्यांत बाकांपेक्षा जमिनीवर बसणं जास्त. टाळ, पेटी, तबला. नगरकडं नारायण वामन टिळक याच काळात ख्रिस्ती भजनं लिहीत आहेत, मराठी चालींत, मराठी छंदांत. पुढच्यानं ओळ सांगावी आणि मागच्यांनी उचलावी, ही रीत त्यांना इंग्लंडकडून आणावी लागली नाही.

शेवटचा मुक्काम एकाच वर्षाच्या अंतरावर आहे, पण उत्तरेला बराच लांब. जुलै 1905. पुण्याहून दौंडकडं जाणाऱ्या लोहमार्गावरचं केडगाव.

स्टेशनात उतरलात की रान सुरू होतं. पंडिता रमाबाईंनी इथं जमीन घेतली, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या, 1898 मध्ये मुक्ती सदन सुरू झालं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानं आणखी शेकडो मुली आल्या. आवारात विहिरी, माग, छापखाना, गोठा, शाळा. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जातं. आणि एक दगडी चर्च आहे, 1899 मध्ये पाया घातलेलं, मोठं, या ओसाड माळावर न शोभावं एवढं मोठं. कागदोपत्री हे मेथॉडिस्ट चर्च नव्हे; रमाबाईंनी कुठल्याच पंथाची पाटी लावून घेतली नाही. पण त्यांच्या उजव्या हाताला मिनी एब्रम्स आहेत, अमेरिकेच्या मेथॉडिस्ट सेविका, 1887 मध्ये मुंबईला आलेल्या आणि 1898 पासून इथं. शेजारच्या दौंडला मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन हे तर 1872 मध्ये विल्यम टेलरच्या हाकेला ओ देऊन आलेल्यांपैकी.

आत शिरा. चपला बाहेर.

बाक नाहीत. एकही नाही. जमीन, आणि जमिनीवर रांगांमागं रांगा, पांढऱ्या लुगड्यांतल्या मुली आणि बाया, मांडी घालून, दाटीवाटीनं. बाक घातले असते तर यातल्या निम्म्या बाहेर राहिल्या असत्या. तुम्ही नकळत मधला कठडा शोधता. तो असून उपयोग काय? इथं दुसरी बाजूच नाही. सगळी खोली बायकांची आहे. ज्या विधवेला घरात आवाज चढवायची मुभा नव्हती, जी पोर दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडली, तिच्या मापानं ही वास्तू बेतलेली आहे.

पुढं रमाबाई उभ्या आहेत. बांधा लहान, साडी पांढरी. एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी: त्यांना कमी ऐकू येतं. तरुणपणीच कान अधू झाले. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या होत्या आणि त्या बहिरेपणापायी ते शिक्षण राहून गेलं. ज्या बाईला नीट ऐकू येत नाही तिनं दोन हजार माणसांना ऐकू जावं एवढं घर बांधलं. हा विचार मनात घेऊन मी कधीच पुढं सरकू शकत नाही, तुम्हीही क्षणभर थांबा.

या वर्षाच्या सुरुवातीला वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी इथं पोचली. रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण येतं म्हणून विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनच्या शेवटच्या दोन दिवसांत काहीतरी फुटलं. रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या आणि मुली एकदम, सगळ्या मिळून, मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. शिकवणं थांबवावं लागलं. त्यानंतर दिवसचे दिवस तेच.

आता तुम्ही त्यात बसलेले आहात. हा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही. गाणं नव्हे, पाठही नव्हे. प्रत्येकीचे शब्द वेगळे: मराठी, हिंदी, गुजराती. कुणी रडत, कुणी हसत, कुणी कसलीशी कबुली देत, कुणी हात वर करून. शेजारणीचे शब्द कळत नाहीत आणि तिला तुम्हाला काही सांगायचंही नाही. दगडी भिंती हे सगळं धरून ठेवतात आणि पुन्हा खोलीत ओततात. हेप्टनस्टॉलच्या आठ भिंती एका माणसाचा आवाज सगळ्यांपर्यंत न्यायला उभारल्या होत्या. इथं तो एक माणूस गप्प झाला आहे. एब्रम्स कडेला बसून बघत आहेत. मेथॉडिस्ट शिस्तीत वाढलेली ही बाई. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, मग सगळ्यांनी मिळून गावं, हा क्रम तिच्या हाडीमासी आहे. ती उठून कुणाला गप्प करत नाही.

थोड्या वेळानं मुलींच्या टोळ्या दारातून बाहेर पडतात. आसपासच्या खेड्यांत जायचं आहे, सांगायला आणि प्रार्थना करायला. ज्यांना काल कुणी बोलू दिलं नसतं त्या आज प्रवचनाला निघाल्या आहेत.

पुढच्या वर्षी, 1906 मध्ये, एब्रम्सनी हे सगळं एका पुस्तिकेत लिहून काढलं. तिची एक प्रत त्यांनी शिकागोतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण तेव्हा चिलीमध्ये होती, वाल्पराइसो बंदरातले मेथॉडिस्ट पाद्री विलिस हूव्हर यांची पत्नी. नवरा-बायकोनं ती वाचली, मंडळीला सांगितली. 1909 मध्ये वाल्पराइसोच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये लोक केडगावच्या मुलींसारखेच एकदम, मोठ्यानं प्रार्थना करू लागले. वरिष्ठांना ते मानवलं नाही. 1910 मध्ये हूव्हर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चर्चमधून बाहेर पडली. त्यांच्याकडं इमारत नव्हती, पैसा नव्हता. ती एकमेकांच्या घरांत जमू लागली, आणि चिलीतली मेथॉडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी त्या घरांतून उभी राहिली.